मांडीवरची बाहुली

वडीगोद्रीजवळचं अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं गाव २०२३ च्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे महाराष्ट्राच्या तोंडी झालं. हा सगळा पट्टा गोदाकाठचा आणि कापसाचा. मऊ खेळण्यांचा इतिहास अशा मुलखातूनच सुरू करावा.

गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. तिथे आणि तेरला दोन साच्यांत घडवलेल्या भाजक्या मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. माती टिकते, कापड कुजतं. त्यामुळे लेकरांनी उराशी धरलेल्या बाहुल्यांचा माग उत्खननात लागत नाही, तो घरोघरच्या रीतीत लागतो. लुगडं विरलं की त्याच्या धडप्यात सरकी काढलेला कापूस भरायचा, मानेशी दोरा आवळायचा, काळ्या धाग्याचे दोन डोळे घालायचे. तापानं फणफणलेल्या पोराच्या कुशीत हीच बाहुली जायची. धुऊन धुऊन विरलेलं लुगडं नव्या कापडाहून मऊ, शिवाय त्याला घरच्या माणसाचा वास. पोर निजायचं. याला कुणी उपचार म्हणत नव्हतं.

वैद्यकानं याची दखल घेतली ती बरीच उशिरा. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये मांडलं, की आईपासून थोडं दूर होताना मूल पांघरुणाचा कोपरा किंवा मऊ खेळणं धरून ठेवतं आणि त्याच्या आधारानं एकटेपण सोसायला शिकतं.

प्रतिसाद देणारं असंच एक मऊ खेळणं घडलं जपानात. अभियंता ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून ‘पारो’ हा यंत्रप्राणी घडवायला घेतला. आधी मांजराचं रूप करून पाहिलं, पण लोक त्याची तुलना खऱ्या मांजराशी करत आणि हिरमुसत. सीलचं पिल्लू कुणी पाळलेलं नसतं, म्हणून तेच रूप ठरलं. त्याच्या आवाजासाठी कॅनडातल्या बर्फावरच्या पिल्लांचे आवाज मुद्रित केले. पारोचं वजन तान्ह्या बाळाएवढं. पांढऱ्या केसांखाली स्पर्श ओळखणारे संवेदक आहेत, मिशांतसुद्धा. कुरवाळलं की तो डोळे मिटतो, मान वळवतो, ठेवलेल्या नावाला ओ देऊ लागतो. चार्जरची वायर बाळाच्या चोखणीच्या आकाराची असते आणि ती तोंडातच घालायची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. किंमत मात्र सहा हजार डॉलरच्या घरात.

हा पारो लेकरांपेक्षा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्याच हाती जास्त दिला जातो. एवढा खर्च सार्थकी लागतो का? ऑस्ट्रेलियात वेंडी मॉईल यांच्या गटानं हे नीट तपासलं. २८ शुश्रूषागृहांतले स्मृतिभ्रंशाचे ४१५ वृद्ध त्यांनी तीन गटांत विभागले. एका गटाला चालू पारो, दुसऱ्याला आतलं यंत्र बंद केलेला तोच पारो, तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा पारोनं मनःस्थिती सुधारली आणि अस्वस्थपणाही काहीसा कमी झाला. बंद खेळण्याशी तुलना केली, तर चालू पारोची सरशी एकाच बाबतीत ठरली: माणसं त्याच्याशी जास्त बोलली, त्याच्याकडे जास्त पाहत राहिली.

जालन्यातल्या घरांसाठी हा निकाल मोलाचा आहे. गप्प झालेल्या माणसाला बोलतं करायचं तर यंत्र उजवं दिसतं, आणि सरकारी रुग्णालयांनी एखादा पारो घेऊन पाहायला हरकत नाही. पण हात सतत काहीतरी चाचपत असतील, संध्याकाळ झाली की जीव कासावीस होत असेल, तर घरच्या लुगड्याची बाहुली आधी मांडीवर ठेवून पाहावी. तिला पैसे पडत नाहीत.

काही पथ्यं मात्र पाळायला हवीत. आजीनं बाहुली भिरकावली तर पुन्हा हातात कोंबू नका. ती खरं बाळ आहे असं आपण होऊन सांगू नका. नातवंडं हसत असतील तर त्यांना आवरा. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बाहुलीच्या भरवशावर बंद करू नका.