वर्कशॉपचे भाडे कोणाच्या खात्यावर?

वरसावे नाक्यावरून एक रस्ता ठाण्याला, एक वसईला, एक दहिसर-बोरिवलीला जातो. इथे वर्कशॉप असलेल्या फर्निचर कंत्राटदाराची कामे तिन्हीकडे. दरमहाचे भाडे मात्र एकच. ‘ते अप्रत्यक्ष खर्चात टाका आणि बिलाच्या रकमेवर सरसकट टक्केवारीने वसूल करा,’ असा बहुतेक हिशेबनिसांचा सल्ला असतो. त्यांची बाजू पोकळ नाही. काम असो-नसो, भाडे द्यावेच लागते. वाटणीला वेळ लागतो. शिवाय ग्राहक आपले भाडे का भरेल?

पण हिशेब मांडून पाहा. समजा, भाडे ६०,००० आणि वर्कशॉपची महिन्याची क्षमता २४० तास. म्हणजे तासाला २५० रुपये. वसईच्या कामाला १०० तास लागले, ठाण्याला ६०, बोरिवलीला ४०. बिले अनुक्रमे दोन, दोन आणि सहा लाखांची, कारण बोरिवलीच्या कामात महागडा तयार माल जास्त. टक्केवारीने बोरिवलीवर ३६,००० चढतात, वसईवर १२,०००. तासांनी पाहिले तर बोरिवलीचे १०,००० आणि वसईचे २५,००० होतात. ज्या कामाने वर्कशॉप सर्वाधिक अडवले, तेच कागदावर फायद्याचे दिसते. मग पुढचे कोटेशनही त्याच भ्रमात, आणखी कमी दराने जाते. याला वसुली म्हणायचे?

रिकाम्या ४० तासांचे १०,००० मात्र कोणत्याही कामावर टाकू नयेत. ते धंद्याचेच. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच. बांधकाम कंत्राटांसाठीचे लेखा मानक ७ सामायिक खर्चाची वाटणी कामाच्या नेहमीच्या पातळीवर करायला सांगते, ती याच न्यायाने.

वेळेचे म्हणाल, तर टॅलीत प्रत्येक कामाचे कॉस्ट सेंटर उघडावे, एक ‘सामायिक’ ठेवावे. महिनाअखेरीस एकच जर्नल : भाडे नावे कामांच्या सेंटरवर, भाडे जमा सामायिकवर. नफा-तोटा पत्रकात एका पैशाचा फरक नाही.

राहिला ग्राहक. कामाच्या खात्यावर खर्च चढवणे म्हणजे बिलात भाड्याची ओळ लिहिणे नव्हे. त्याला ठरलेला दरच दिसेल. तो दर कशावर उभा आहे, हे आपल्याला दिसेल. करारानुसार ओळ वेगळी दाखवायची असली, तरी ‘खर्चाची प्रतिपूर्ती’ म्हणून तिच्यावरचा जीएसटी टाळता येत नाही. वर्कशॉप आपले, भाडेकरारही आपला. त्यामुळे जीएसटी नियमावलीच्या नियम ३३ मधली शुद्ध अभिकर्त्याची, म्हणजे ग्राहकाच्या वतीने त्रयस्थाला पैसे देणाऱ्याची, सवलत इथे लागूच होत नाही. ती रक्कम पुरवठ्याच्या मूल्यातच धरावी लागते.