सामाजी हसाजी : बेने-इस्राएल शिपायांच्या नावांविषयी

मुंबईतील बेने-इस्राएलांचे पहिले सिनेगॉग, 'शआर हारहमीम' म्हणजे 'दयेचे द्वार', हे १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर याने स्थापिले. कंपनीच्या मुंबई सैन्यातील हा अंमलदार दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०-८४) टिपूच्या कैदेत पडला होता. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्याने नवस केल्याची कथा समाजात प्रसिद्ध आहे. १७९७ मध्ये तो कोचीन येथे वारला. मांडवीतील सॅम्युएल स्ट्रीट त्याचेच नाव चालवितो.

परत आलेल्याचे स्मारक याप्रमाणे झाले. न परतलेल्यांचे काय? १७८३ मध्ये बिदनूर येथे जनरल मॅथ्यूज शरण गेला, तेव्हा मुंबई सैन्याचे पुष्कळ लोक कैद झाले. बेने-इस्राएलांचा इतिहास हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी लिहिला तो १८९७ मध्ये, आणि तेल अवीव येथे तो छापून निघाला १९३७ मध्ये. तोवर युद्ध पाहिलेली पिढी केव्हाच अस्तंगत झाली होती.

तथापि मृतांची नावे नष्टच झाली, असे आम्ही मानीत नाही. ती ओळखू येत नाहीत, इतकेच. सॅम्युएल इझेकिएल हा मराठी व्यवहारात सामाजी हसाजी होता. त्याचप्रमाणे अब्राहामाचा आबाजी, मोशेचा मुसाजी, इसहाकाचा इसाजी, बिन्यामिनाचा बनाजी होई. जुन्या यादीत आबाजी दिसला की वाचक त्यास हिंदू समजतो, मुसाजी दिसला की मुसलमान. ग्रामनामावरून पडलेले दिवेकर, केहीमकर यांसारखे उपनावही एकटे निर्णायक नव्हे, कारण त्याच गावचे इतर लोकही तेच लावतात. मात्र स्वतःचे नाव, पित्याचे नाव आणि गाव ही तिन्ही जुळली, तर अनुमानास बळकटी येते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी : रायगड जिल्ह्यातील गावांत, ठाण्यास वा अंधेरीसारख्या उपनगरांत जुनी दप्तरे हाती आल्यास शिपायांच्या याद्या, वारसांचे अर्ज व प्रार्थनापुस्तकांच्या कोऱ्या पानांवरील जन्ममृत्यूच्या नोंदी किरकोळ म्हणून टाकू नयेत. नावे मूळ लेखनाप्रमाणेच उतरून घ्यावी; 'शुद्ध' करू नयेत.

हिब्रू रीतीने मनुष्याची ओळख 'अमुक बेन अमुक', म्हणजे अमक्याचा पुत्र, अशी देतात. आणि मृतासाठी म्हणावयाची 'हश्काबा' ही प्रार्थना त्याचे नाव घेऊन म्हणतात. 'सामाजी हसाजी' या जोडनावात पुत्र आणि पिता दोघेही आहेत. यादीतील अशी एक ओळ ओळखली गेली, तर युद्धात हरवलेल्या एका माणसाचे नाव त्याच्या वंशजांस प्रार्थनेत पुन्हा घेता येईल.