विद्यापीठ संघ (पुणे) : कर्जतच्या चाहत्याच्या नजरेतून

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नावाने आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरणाऱ्या निरनिराळ्या खेळांच्या संघांना ‘विद्यापीठ संघ’ म्हणतात. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांतून हे संघ दरवर्षी नव्याने निवडले जातात. प्रस्तुत नोंद कर्जत तालुक्यातून या संघांकडे पाहणाऱ्या चाहत्याविषयी आहे. त्याच्या लेखी संघ म्हणजे आधी आपला पोरगा नाहीतर पोरगी, मग कॉलेज, आणि विद्यापीठ सगळ्यांत शेवटी.

कर्जत दोन आहेत, म्हणून एक खुलासा. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाकडून खेळतो, नगरच्या कर्जतचा पुण्याकडून. दोन्ही विद्यापीठे आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या पश्चिम विभागातच असल्याने त्यांची गाठ पडते. वर्तमानपत्रात नुसते ‘कर्जतच्या खेळाडूची निवड’ एवढेच छापून आले, की कोणते कर्जत, हे आधी विचारावे लागते.

भीमेच्या उत्तरेकडचा हा अवर्षणप्रवण तालुका. राशीन, मिरजगाव, सिद्धटेक ही त्यातली माहीत असलेली गावे. इथल्या खेळाडूचे विद्यापीठाकडे जाण्याचे जुने दार म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे दादा पाटील महाविद्यालय (स्थापना 1964). वाट पायऱ्यांची आहे. आधी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून निवडलेल्यांचा अहिल्यानगर विभागाचा संघ, मग पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि नाशिक यांच्याशी आंतरविभागीय लढती, आणि त्यांतून विद्यापीठाचा संघ. रब्बी ज्वारीच्या पेरणीच्या सुमारास चाचण्या सुरू होतात आणि काढणी येईपर्यंत हंगाम बहुतेक उरकलेला असतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांसारख्या सांघिक खेळांत पुढे पश्चिम विभाग आणि मग अखिल भारतीय स्पर्धा, असे दोन टप्पे. कुस्ती आणि मैदानी खेळांत खेळाडू थेट अखिल भारतीय स्पर्धेला जातो. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने भरणारा राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव हे वेगळे प्रकरण. सांस्कृतिक ‘इंद्रधनुष्य’ आणि संशोधनाचा ‘आविष्कार’ ही त्याची भावंडे.

अखिल भारतीय पातळीवर भारतीय विद्यापीठ संघ या संस्थेची वयोमर्यादा 17 ते 25 वर्षांची. पदवीची तीन वर्षे, पुढे एम.ए. किंवा एम.कॉम.ची दोन. म्हणजे चढाईपटू नावारूपाला येतो न येतो, तोच त्याची पात्रता संपते. क्लब किंवा जिल्हा संघाच्या चाहत्याला दहा दहा वर्षे एकच चेहरा पाहायला मिळतो, तसे इथे होत नाही. म्हणून ‘मागच्या साली संघ भारी होता’ या वाक्याला विद्यापीठापुरता फारसा अर्थ नाही. मागच्या सालचा संघ यंदा अस्तित्वातच नसतो.

कर्जतच्या चाहत्याची खरी नजर दोनच खेळांवर बसलेली, कुस्ती आणि कबड्डी. कुस्तीत त्याची पंचाईत होते. जत्रेच्या फडात हलगी वाजत असते, माती अंगावर उडत असते आणि निकाली कुस्ती म्हणजे समोरच्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत कुस्ती. विद्यापीठाच्या मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, लाल-निळी जर्सी आणि कोपऱ्यात गुणफलक. पाठ टेकली तर तिथेही कुस्ती संपते, पण फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली तरी संपते, आणि रेटारेटी करीत उभ्या राहिलेल्या मल्लाला पंच कुस्ती करायला भाग पाडतो. ‘चीत झालाच नाही, मग हरला कसा?’ हा प्रश्न विचारणारी जुनी मंडळी अजून भेटतात. तरुण चाहत्याला मात्र 57 किलोपासून 125 किलोपर्यंतचे दहा गट तोंडपाठ असतात. मार्च 2025 मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची महाराष्ट्र केसरी स्पर्धा कर्जतमध्येच झाली. क्रीडानगरीला नाव होते ग्रामदैवत संत गोदड महाराजांचे, आणि सोलापूरच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवून गदा घेतली. त्या चार-पाच दिवसांत माती आणि मॅट शेजारी शेजारी पाहिल्यावर हा वाद निदान गावात तरी थोडा निवळला असावा.

कबड्डीत अशी अडचण नाही. उलट 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून घरोघरच्या दूरचित्रवाणीने प्रेक्षकाला तिसऱ्या चढाईचे गणित शिकवून ठेवले आहे. विद्यापीठ कबड्डीतला ताण सामन्याच्या आधी, वजनकाट्यावर असतो. पुरुषांसाठी मर्यादा 85 किलो, महिलांसाठी 75. काट्याला दोनशे ग्रॅम जास्त दाखवणारा कोपरारक्षक जर्किन घालून मैदानाला फेऱ्या मारतो, पाण्याचा घोट तोंडात घेऊन थुंकतो, पुन्हा काट्यावर चढतो. बरोबर आलेले मित्र आकडा वाचायला वाकतात. विभागाच्या यशापयशाची चर्चा पुढे कितीही रंगो, पुष्कळदा गोष्ट इथेच ठरलेली असते.

विद्यापीठाचा अलीकडचा सर्वांत गाजलेला हंगाम 2020 चा. फेब्रुवारी-मार्चमध्ये भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भरली. पुणे आणि चंदीगडचे पंजाब विद्यापीठ दोघांचीही 17 सुवर्णपदके झाली आणि रौप्यपदकांच्या मोजणीत पंजाब पुढे गेले. पुण्याच्या वाट्याला उपविजेतेपद आले. गंमत अशी की त्या यशात जलतरणाचा वाटा मोठा होता, आणि जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते त्या तालुक्याने पोहण्याच्या पदकांवर टाळ्या वाजवल्या. त्याआधी 2017 मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत नाशिकच्या संजीवनी जाधवने 10,000 मीटरमध्ये रौप्य मिळवले होते. शेतरस्त्यावर धावणाऱ्या मुलींना ते यश जवळचे वाटले.

भुवनेश्वरची स्पर्धा संपून महिना होण्याच्या आत टाळेबंदी लागली आणि पुढचा अख्खा हंगाम बुडाला. अंतिम वर्षाला असलेल्या खेळाडूंचा तो परत आलाच नाही. त्यानंतरच्या तीन खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांत बेंगळुरूत जैन विद्यापीठ, उत्तर प्रदेशात पंजाब विद्यापीठ आणि ईशान्य भारतात चंदीगड विद्यापीठ पहिले आले. या तिन्ही वेळा पहिल्या तिनांत पुणे नव्हते. कारण शोधायला लांब जायला नको. खासगी विद्यापीठे देशभरातून खेळाडू निवडून शिष्यवृत्ती आणि वसतिगृह देतात. त्यांचा संघ वर्षभर एका आवारात सराव करतो. पुण्याचा संघ तीन जिल्ह्यांत विखुरलेला, आणि एकत्र येतो तो निवडीनंतरच्या थोड्या दिवसांच्या शिबिरात. त्या मानाने 2020 चे उपविजेतेपद जेवढे बोलले गेले त्याहून मोठे होते, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठही आहे, आणि शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या हळगावच्या कृषी महाविद्यालयाची मुले त्या विद्यापीठाकडून खेळतात. एकाच घरातला थोरला पुण्याच्या आणि धाकटा राहुरीच्या जर्सीत, असे इथे होऊ शकते.

जर्सीवरचे नावही स्थिर राहिलेले नाही. 1949 मध्ये स्थापन झालेले पुणे विद्यापीठ 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, 2024 मध्ये अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला. प्रमाणपत्रांच्या फायलीत हे सगळे थर सापडतात. ती फाईल घरात जपली जाते, कारण शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि पडताळणीला मूळ कागद लागतो. जर्सीला मात्र असे जपले जात नाही. पोलीस भरतीच्या 1600 मीटरच्या सरावाला पहाटे ती अंगात असते, पाठीवरचे ‘विद्यापीठ’ धुऊन धुऊन अर्धे गेलेले, आणि कधी कधी आत पळणारा पोरगा विद्यापीठाकडून खेळलेलाही नसतो. थोरल्या भावाची जर्सी त्याच्या वाट्याला आलेली असते.