काच वर केली तर पाणी, खाली केली तर वाफ: पावसात हेल्मेट-रेनकोट कुठे कमी पडतो?

जुलै उजाडला की पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांत पाऊस दिवसदिवस थांबत नाही. एकट्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तरी पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणारा, मेढ्याहून केळघर घाट चढणारा किंवा कोयनानगरच्या बाजूला ड्युटीला जाणारा माणूस गाडी काढतोच. आणि नेमक्या याच दिवसांत कित्येकांचं हेल्मेट डोक्याऐवजी आरशाला लटकलेलं दिसतं. कारण विचारलं तर उत्तर एकच, "काही दिसतच नाही त्यातून."

तक्रार खोटी नाही. मात्र बहुतेक वेळा खरा त्रास बाहेरच्या पाण्याचा नसून आतल्या वाफेचा असतो. पावसाने काच थंड पडते, श्वास गरम आणि दमट असतो, आणि ती वाफ काचेच्या आतल्या बाजूला धरते. त्यात पाणी आत येऊ नये म्हणून लोक हेल्मेटची हवेची भोकंही बंद करून टाकतात. इथेच चुकतं. निदान हनुवटीजवळचं भोक उघडंच ठेवावं आणि काच एक खाच वर ठेवावी. चार थेंब आत येतील, पण रस्ता दिसेल. तोंडाला रुमाल बांधला असेल तर तो नाकाखाली घ्यावा, नाहीतर श्वास सरळ वर काचेवर जातो. चष्मा असणाऱ्यांचा त्रास दुप्पट, त्यांना हवा खेळती ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

घरगुती उपाय म्हणजे काचेच्या आतून अंगाच्या साबणाचा अगदी पातळ हात फिरवायचा, वाळू द्यायचा आणि मऊ फडक्याने पुसून घ्यायचा. एखादा दिवस निघतो. कंपनीनेच आतून वाफरोधक थर दिलेला असेल तर मात्र साबण लावू नये, थर खराब होतो. पक्का उपाय म्हणजे 'पिनलॉक'. मुख्य काचेच्या आत दुसरी पातळ काच बसते, मधे हवेचा थर राहतो, त्यामुळे आतली काच थंड पडत नाही. पण ती बसवायला काचेवर खास खुंट्या लागतात, त्या सगळ्याच हेल्मेटना नसतात. विकत घेण्याआधी दुकानात विचारून घ्यावं.

काळी काच पावसात आणि अंधारात वापरूच नये. काच ओरखडलेली असेल तर समोरच्या गाडीच्या लाइटचा नुसता भडका दिसतो, अशी काच बदलावी. नवी काच हेल्मेटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. ट्रकने चिखल उडवला तर हातमोज्याने घासू नये, आधी पाणी ओतावं. रॉकेल, पेट्रोल, थिनर तर लांबच. ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतं, त्याला बारीक तडे जातात.

अर्ध्या टोपीसारख्या हेल्मेटबद्दल काय सांगायचं? ताशी ४०-५०च्या वेगाला थेंब डोळ्यात खड्यासारखे लागतात, माणूस डोळे मिटतो. पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय शिक्क्याचं हेल्मेटच घ्यावं. १ जून २०२१ पासून त्या शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, पट्टा लावून. पावसाची सवलत त्यात कुठेही नाही.

आता रेनकोट. कापडातून पाणी क्वचितच येतं, येतं ते शिवणीतून आणि चेनमधून. म्हणून घेताना कोट उलटा करून बघावा. शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असली पाहिजे. सर्वात आधी गळते ती पँटची मांडीमधली शिवण, कारण बसल्यावर तिथेच पाणी साचतं. माप एक नंबर मोठं घ्यावं, गाडीवर बसलं की पँट वर चढते. मेणकापडासारखा जाड पीव्हीसी कोट पाणी अडवतो, पण घामही अडवतो. त्यामुळे आतून ओलं झालं म्हणजे कोट फुटलाच असं नाही.

कोटाची टोपी हेल्मेटच्या आत घालायची सवय सर्रास आहे आणि ती वाईट आहे. हेल्मेट सैल बसतं, मान वळत नाही, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. हेल्मेटवरून घेतली तर वाऱ्याने फुगून मान मागे ओढते. टोपी आत दुमडून कॉलर वर करावी. स्कार्फची जाड गाठही तशीच, हेल्मेटखाली नको. कोटाच्या बाह्या हातमोज्यांवरून आणि पँट बुटांवरून आली पाहिजे, नाहीतर बुटाची बादली होते. पोंचो किंवा अंगावर घेतलेला मोकळा प्लास्टिकचा कागद चाकात, चेनमध्ये अडकू शकतो. काळा कोट पसरणी घाटाच्या धुक्यात दिसत नाही, पिवळा किंवा नारिंगी दिसतो. मागे चमकणारी पट्टी असेल तर तिच्यावर सॅक येऊ देऊ नये.

घरी आल्यावर ओलं हेल्मेट चुलीजवळ किंवा गरम सायलेन्सरवर ठेवू नये. आतला थर्माकोल पाण्याला दाद देत नाही, पण उष्णतेने मऊ पडतो आणि डोकं वाचवतो तो तोच. वास मारतो तो स्पंज. तो निघत असेल तर साध्या साबणाने धुऊन पंख्याखाली वाळवावा, निघत नसेल तर रात्रभर जुनं वर्तमानपत्र कोंबून ठेवावं.