मजुरीचे माप : हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या राहणीमानाच्या तुलनेतील एक प्रश्न

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील साध्या मजुराला रोज मिळणारे रुपे तोलले, तर ते इंग्लंडमधील मजुराच्या रुप्याच्या साधारण एकपंचमांश भरते. त्याच मजुरीत येणारे धान्य तोलले, तर हे अंतर पुष्कळच कमी होते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. यांपैकी कोणते आधारास घ्यावयाचे, यावर हिंदुस्थानचे दारिद्र्य पुरातन की अर्वाचीन, या वादाचा निकाल बराचसा अवलंबून राहिला आहे. म्हणून राहणीमानाच्या तुलनेत आकड्यांपूर्वी मापाचा विचार करणे अगत्याचे ठरते.

अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त (सुमारे १५९५) बादशाही कामांवरील मजुरीचे दर व बाजारभाव एकत्र मिळतात, हे या विषयाच्या अभ्यासकांचे भाग्यच म्हटले पाहिजे. साध्या मजुराला रोज २ दाम, वरच्या प्रतीच्या सुताराला ७ दाम, आणि ४० दामांचा एक रुपया. गव्हाचा भाव मणास १२ दाम होता. अकबरी मण आजच्या मापाने सुमारे २५ किलोग्रॅमचा धरला जातो. म्हणजे २ दामांत चार किलोंहून थोडा अधिक, जुन्या मापाने सुमारे ९ रतल, गहू येई. तुपाचा भाव मणास १०५ दाम, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीत जवळजवळ अर्धा किलो तूप. मीठ मात्र १६ दाम, अर्थात गव्हाहून महाग. अकबराच्या प्रजेला तूप आजच्या मानाने सुलभ आणि मीठ दुर्लभ होते. एकाच मजुरीने काही वस्तूंत माणूस सधन व काही वस्तूंत निर्धन ठरावा, हा विरोधाभास मापाच्या प्रश्नाचे मूळ आहे. शिवाय हे दर राजधानीच्या परिसरातील आहेत. दक्षिणेतील गावगाड्यात बलुत्यावर जगणाऱ्या सुतार-लोहारांची मिळकत अशा कोष्टकात बसत नाही.

डब्ल्यू. एच. मोरलंड यांनी १९२० साली अकबरकालीन हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात सामान्य लोकांची स्थिती विसाव्या शतकाच्या आरंभापेक्षा चांगली नव्हती, किंबहुना काहीशी अधिक हलाखीची होती, असा निष्कर्ष काढला. त्यांची भिस्त युरोपीय प्रवाशांच्या वर्णनांवर बरीच होती. आग्ऱ्यास असलेला डच व्यापारी पेल्सार्ट याने १६२६ च्या सुमारास जे लिहिले ते प्रसिद्धच आहे : मातीची छपरी घरे, पाण्याची व स्वयंपाकाची मातीची भांडी, दोन खाटा, थंडीत अपुरे पांघरूण, दारापुढे पेटवलेल्या शेण्यांची ऊब, दिवसा मूठभर भाजके धान्य आणि रात्री लोणी घातलेली खिचडी. वर्णन विश्वसनीय वाटते. पण ते हॉलंडहून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी केलेले आहे, आणि ज्या देशात तांबे महाग होते तेथील घरात मातीचीच भांडी दिसावीत यात नवल नाही. घरातील सामानाची टंचाई व पोटाची टंचाई या दोन गोष्टी मोरलंड यांच्या विवेचनात पुरेशा वेगळ्या राहिल्या नाहीत, हा त्यांच्या पद्धतीवरील आक्षेप टाळता येत नाही. पुढे १९७२ मध्ये अशोक देसाई यांनी ‘आईन’चेच आकडे घेऊन नेमका उलट पक्ष मांडला. त्यांच्या मते अकबरकालीन मजुरीची क्रयशक्ती धान्याच्या बाबतीत १९६० च्या सुमाराच्या मजुरीपेक्षा अधिक होती. ॲलन हेस्टन यांनी त्यांच्या गणिताला आव्हान दिले. वाद तेथेच मिटला नाही.

इंग्लंडशी प्रत्यक्ष तुलनेचा प्रश्न प्रसन्नन् पार्थसारथी यांनी १९९८ मध्ये नव्याने उपस्थित केला. दक्षिण हिंदुस्थानातील विणकराची मजुरी रुप्यात अल्प दिसे, याचे कारण तेथील धान्य स्वस्त होते. इंग्लिश विणकरापेक्षा तो उपाशी होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. ब्रॉडबेरी व गुप्ता यांनी २००६ मध्ये उत्तर दिले, की १६०० च्या सुमारास धान्याच्या मापाने दोन्ही देश जवळ असले, तरी नंतरच्या दोन शतकांत ती जवळीक टिकली नाही; आणि रुप्यातील मजुरी ही देशाच्या विकासाची खूण असल्याने ती दृष्टिआड करता येणार नाही. कापड, लोखंड, साखर या दूरवर विकल्या जाणाऱ्या मालावर हक्क रुप्यानेच मिळतो, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. तथापि मजुराच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग अन्नाचा असतो, हेही तितकेच रास्त होय.

रॉबर्ट ॲलन यांनी यावर योजलेला उपाय म्हणजे अन्न, कापड, सरपण, दिवाबत्तीचे तेल व घरभाडे यांची किमान गरज ठरवून वर्षाची मजुरी तिला किती पट पुरते हे पाहणे. हा उपाय उपयुक्त आहे. मात्र त्यात वर्षाला २५० दिवस काम मिळते असे धरले जाते, आणि पावसाळ्यावर अवलंबून असलेल्या शेतमजुराच्या बाबतीत हे गृहीत फारच उदार ठरते. आयुर्मान तर या गणितात येतच नाही. १९११ ते १९२१ या दशकात, इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे, हिंदुस्थानात जन्मकाळचे सरासरी आयुर्मान सुमारे २० वर्षे होते. इंग्लंडमध्ये १९११ च्या सुमारासच ते पन्नाशीपुढे गेले होते.

किमान गरजेशी उत्पन्न ताडून पाहण्याची कल्पना मुंबईकरांना मात्र नवी नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकविलेल्या दादाभाई नौरोजींनी १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे ‘हिंदुस्थानचे दारिद्र्य’ हा निबंध वाचला. १८६७–७० च्या सुमाराचे दरडोई उत्पन्न त्यांनी वर्षाला २० रुपये काढले. इंग्लंडच्या उत्पन्नाशी याची तुलना करताच अधिकारी वर्गाचे ठराविक उत्तर येई, की उष्ण देशातील माणसाच्या गरजा थोड्या. दादाभाईंनी या उत्तराचा मार्गच बंद केला. त्यांनी इंग्लिश माणसाच्या गरजा घेतल्या नाहीत. सरकारनेच परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी ठरविलेला शिधा आणि तुरुंगातील कैद्यांवरचा खर्च घेतला. केवळ जगण्यास ३४ रुपये लागतात, असा हिशेब निघाला. बहुतेक प्रांतांत स्वतंत्र रयतेचे उत्पन्न कैद्याच्या खर्चाहून कमी होते. लॉर्ड कर्झन यांनी १९०१ मध्ये उत्पन्नाचा आकडा ३० रुपये सांगितला, तोही दादाभाईंच्या ३४ पर्यंत पोहोचत नव्हता.

निबंध वाचला गेला त्याच वर्षी दक्षिणेत दुष्काळ पडला, आणि किमान गरज किती हा प्रश्न सभागृहातून खडी फोडण्याच्या कामांवर गेला. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी रोज एक रतल धान्य व एक आणा अशी खाली आणली. आईनमधील ९ रतलांशी तिची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल, कारण ती सुकाळातील राजधानीची मजुरी होती आणि तीत कुटुंब पोसावयाचे होते. पण तुरुंगातील शिध्याशी तुलना करण्यास काहीच अडचण नव्हती. मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनी ती केली आणि एवढ्या अन्नावर श्रम करणारा माणूस टिकणार नाही, असे सरकारला बजावले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने निषेधाचे अर्ज पाठविले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी एवढ्या मजुरीवर राबण्यास नकार दिला व ते कामे सोडून निघून गेले.