दुधाचे पातेले आणि बालयकृताचा रोग

भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड. या दोन तालुक्यांचा इतिहास सांगावयाचा म्हटला, की वढू बुद्रुकची समाधी, कोरेगावची लढाई, रांजणगावचा गणपती आणि दौंडचे रेल्वे जंक्शन यांपासून आरंभ करण्याची रीत आहे. ती रीत मोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या मुलखाच्या, किंबहुना साऱ्या पुणे जिल्ह्याच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे, की ते स्वयंपाकघराच्या फळीवर घडले आणि त्याची नोंद घरोघरच्या बायकांच्या आठवणीपलीकडे फारशी कोठे झाली नाही. ते प्रकरण म्हणजे लहान मुलांना होणारा यकृताचा रोग. गावोगाव त्याला नुसते ‘लिव्हर’ म्हणत. ‘अमक्याचा मुलगा लिव्हरने गेला’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्यास सर्व समजत असे.

रोगाची चाल ठरलेली असे. मूल सहा महिन्यांचे ते तीन वर्षांचे. अंगाने बरे, खातेपिते, पुष्कळदा खात्यापित्या घरचे. प्रथम ते किरकिरे होई, अंगात बारीक ताप राही, भूक मंदावे. मग पोट फुगू लागे. वैद्याने किंवा डॉक्टरने उजव्या बरगडीखाली हात घातला, की कठीण, धारदार कडेचे यकृत बोटांना लागे. पुढे डोळे पिवळे होत, पोटात पाणी साठे, आणि कावीळ दिसू लागल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सर्व आटोपत असे. त्याहून भयंकर म्हणजे हा रोग घर धरी. एक मूल गेले, की पुढच्या मुलाच्या पोटावरून आई रोज रात्री हात फिरवून पाही. दोन-दोन, तीन-तीन मुले अशी गेलेली घरे होती. दोष अर्थातच आईच्या माथी येई: तिचे दूधच बाधक, तिचा पायगुण वाईट, तिच्या माहेरचे काही तरी. मद्रासच्या जम्मी यांचे यकृतावरील औषध त्या काळी देशभर प्रसिद्ध होते. आयुर्वेदीय काढे होते, नवससायास होते, आणि ज्यांना परवडे ते मुलास घेऊन आगगाडीने किंवा एस. टी.ने पुण्यास जात.

वैद्यकाच्या ग्रंथांत हा रोग ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने नोंदला आहे. 1887 साली कलकत्त्यास सेन यांनी त्याचे वर्णन केले. तेव्हापासून जवळजवळ 90 वर्षे त्याचे कारण शोधण्यात गेली. कोणी म्हणे हा आनुवंशिक दोष आहे, कोणी म्हणे कावीळ आणणाऱ्या विषाणूचे काम आहे, कोणी आहारातील प्रथिनांच्या उणिवेकडे बोट दाखवी. 1971 साली म्हैसूरकडील डॉक्टरांनी बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पिठाचा संबंध दाखविला. प्रत्येक मतात थोडे तथ्य वाटे आणि प्रत्येक मत एका ठिकाणी येऊन अडे. उणीव हे कारण असते तर हा रोग गरिबांच्या झोपडीत अधिक दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात तो मध्यमवर्गीय, बऱ्याच अंशी शाकाहारी, दूधदुभत्याच्या घरांत अधिक दिसे. ज्या घरात मुलाला दूध मिळत नाही तेथे मूल हाडकुळे होई, पण ‘लिव्हर’ त्याला क्वचितच गाठी. हे कोडे शंभरांतल्या नव्वदांच्या नजरेसमोर होते. उलगडत मात्र नव्हते.

उलगडा झाला तो एका रंगामुळे. यकृताचा बारीक तुकडा ऑर्सिन नावाच्या रंगात बुडविला, तर त्यात साठलेल्या तांब्याला बांधून ठेवणारे प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली गडद तपकिरी कणांच्या रूपाने दिसते. 1978 साली लंडनमधील संशोधकांना भारतातील या रोगाच्या मुलांच्या यकृतांत असे कण खच्चून भरलेले आढळले. 1979 साली तांब्याचे प्रत्यक्ष मोजमाप प्रसिद्ध झाले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या भागात साधारणपणे 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. या मुलांत ते त्याच्या अनेक पटींनी अधिक, कित्येकदा हजारापलीकडे होते. या कामात इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित होते. पुढे डॉ. शीला भावे याही त्यांना मिळाल्या. तांबे आले कोठून, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर 1983 साली या मंडळींनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडले: पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत तापविलेले व ठेविलेले गाईम्हशींचे दूध, आणि तेही अगदी लहानपणापासून पाजलेले.

हे उत्तर ज्या घरांतून आले, त्या घरांकडे येथे थोडे पाहिले पाहिजे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून हातोड्यांचा ठोका चालू आहे. तेथली आणि इतर ठिकाणची भांडी बाजारांतून, लग्नाच्या रुखवतातून जिल्हाभर पोहोचत. मुलीबरोबर पितळेचे पातेले, कळशी, तपेले जाई. ती भांडी घराची अब्रू असे. गरिबाघरी मडके किंवा ‘जर्मन’ची म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली असत. ज्याची परिस्थिती बरी, त्याच्या घरी दूध पितळेच्या पातेल्यात तापे आणि मंद विस्तवावर तासन्‌तास राही. श्रीमंती आणि रोग यांची जी सांगड डॉक्टरांना इतकी वर्षे सुटत नव्हती, तिचा एक धागा या पातेल्याला बांधलेला होता.

आमच्या लोकांना पितळेची बाधा ठाऊक नव्हती असे कोणी समजू नये. मराठीत ‘कळकणे’ हा शब्द आहे. पितळेत ताक ठेविले, चिंचेची आमटी केली, की ती कळकते. हिरवट होते, तोंडात धातूची चव येते, खाल्ले तर उलटी होते. म्हणूनच कल्हई निघाली. कल्हईवाला दारी येई, भाता लावून कोळसे फुलवी, भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकी, कथिलाची कांडी फिरवी आणि बोळ्याने क्षणात सारा पृष्ठभाग चांदीसारखा करी. ज्या समाजाने एवढा उपाय शोधला, तो दुधाच्या बाबतीत का फसला? आमच्या मते याचे कारण चवीत आहे. ताक कळकले तर जीभ सांगते. दूध सांगत नाही. दुधातील केसीन नावाचे प्रथिन भांड्यातील तांबे स्वतःला बांधून घेते. दूध फाटत नाही, हिरवे होत नाही, गोडच राहते. 1989 साली ओनील आणि टॅनर यांनी प्रयोगाने हे दाखविले, आणि कथिलाचा लेप असला म्हणजे तांबे उतरण्यास बराच अडथळा होतो हेही. परंतु रोज राखेने आणि चिंचेने घासलेल्या भांड्याची कल्हई किती दिवस टिकणार? ती उडाल्यावर सुगरण आमटीचे भांडे बाजूला ठेवी. दुधाच्या पातेल्याला तेवढी घाई नसे.

त्यातच नवजात मुलाची एक अडचण असते. आईच्या पोटातूनच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा आलेला असतो, आणि जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची शक्ती पुरती आलेली नसते. आईच्या दुधावर असलेल्या मुलाला याची बाधा नाही. वरचे दूध लवकर लावले, तर त्याच अपुऱ्या यकृतावर रोज थोडे तांबे चढत जाते. 1987 साली पुण्याच्या संशोधकांनी रोगी मुले आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुले यांच्या आयांना पाजण्याविषयी विचारले, तेव्हा रोगी मुलांत वरचे दूध लवकर सुरू झाल्याचे आणि पितळी-तांब्याची भांडी अधिक वापरल्याचे आढळले. ज्या आईला ‘तुझे दूध बाधले’ म्हणून आयुष्यभर टोचले, तिचे दूध हेच खरे संरक्षण होते.

विषाने यकृत बिघडण्याचे प्रकार पुष्कळ आहेत आणि त्यांचा शेवट एकसारखा होत नाही. 1974 च्या पावसाळ्यानंतर गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भागांत भिजून बुरशी आलेला मका खाऊन 150 हून अधिक गावांत कावीळ पसरली. 397 रुग्ण नोंदले गेले, 106 दगावले. घरातली कुत्रीही मेली. तो घाला इतका उघडा होता, की अन्नावर संशय येण्यास वेळ लागला नाही. आणि जे वाचले ते दहा वर्षांनंतरच्या तपासणीत पूर्ण बरे आढळले. क्षयाच्या औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही काही रुग्णांचे यकृत दुखावतात. कावीळ दिसताच ती थांबविली तर बहुतेक सावरतात. रेटून चालू ठेविली तर प्राणावर बेतते. इंग्लंडात पॅरासिटामॉलचा अतिरेक हे मोठे कारण. त्यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत मिळाला तर यकृत प्रायः वाचते. या सर्व ठिकाणी घटना आणि दुखणे यांच्यामध्ये दिवस-आठवड्यांचे अंतर आहे. यकृत हे पुन्हा उगवणारे इंद्रिय आहे. विष थांबले तर ते पुष्कळदा स्वतःच भरून येते. बालयकृताच्या रोगात विष थांबतच नव्हते, कारण ते विष आहे हे कोणास ठाऊक नव्हते. आजारी मुलाला ताकद यावी म्हणून त्याच पातेल्यातले दूध जास्त पाजले जाई. हे लिहिताना हात जड होतो.

उपचाराचीही हकीकत याला धरूनच आहे. 1956 साली वॉल्शे यांनी विल्सनच्या रोगात शरीरातील तांबे बाहेर काढण्यासाठी पेनिसिलामाइन वापरले होते. तेच औषध पुण्यात या मुलांना दिले गेले. कावीळ झाल्यावर ते आले तर उपयोग नाही. कावीळ होण्यापूर्वी आले तर काही मुले जगली. जी अनेक वर्षे जगली, त्यांतील काहींच्या यकृताची ठेवणही पुढे जवळजवळ नीट झालेली दिसली. यापूर्वी हे मूल जगणारच नाही असे घरचे आणि डॉक्टर दोघेही मनाशी धरून चालत.

येथे प्रतिपक्षाचेही म्हणणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ज्या गावांच्या पाण्यात तांबे पुष्कळ होते, तेथे अशी बालमृत्यूंची नोंद सापडली नाही, हे 1994 साली शाइनबर्ग आणि स्टर्नलीब यांनी दाखविले. 1979 साली या रोगातील तांब्यावर संशोधन करणाऱ्यांपैकी डॉ. नायक यांनीच पुढे 2013 साली डॉ. चितळे यांच्यासह तांब्याच्या सिद्धान्तावर शंका घेतली. म्हणजे नुसते तांबे पुरत नसावे. काही मुलांत जन्मतः अधिक नाजूकपणा असावा. एका घरात रोग वारंवार का येई, याचे उत्तर त्या बाजूलाही असू शकते. ऑस्ट्रियातील टिरोल भागाचा दाखला दोन्ही पक्षांना उपयोगी पडतो. तेथे 1900 ते 1974 या काळात 138 अर्भके याच जातीच्या रोगाने गेली. ती नात्यागोत्यातल्या घरांतली होती, आणि त्यांना तांब्याच्या भांड्यात उकळलेले पिठासाखरेचे दूध दिले जाई. भांडी बदलली आणि रोग संपला. माणसांचे रक्त तेच राहिले. आम्हांस हा पुरावा वजनदार वाटतो.

आपल्याकडेही रोग गेला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञाने तो केवळ पुस्तकात वाचलेला असण्याचा संभव अधिक. याचे श्रेय कोणाला? बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने के. ई. एम.चे ग्रामीण काम 1970 च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू येथे रुजले. गावच्याच बायका आरोग्याचे काम शिकून घरोघर जाऊ लागल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी बाधित घरांना पुढच्या मुलासाठी भांडे बदलण्यास सांगितले. हे सर्व खरे. परंतु इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर असे म्हटले पाहिजे, की स्टेनलेस स्टील हे डॉक्टरांच्या आधीच निघाले होते. ते घासावयास हलके, त्याला कल्हई नको, दिसावयास चकचकीत. बायकांनी पितळ मोडीत घातले, बोहारणीला जुने कपडे दिले आणि स्टीलची पातेली घेतली. कोणीही मुलाच्या यकृताचा विचार करून ती घेतली नाहीत. कल्हईवाल्याच्या पोटावर पाय आला, आणि त्याच वर्षांत ‘लिव्हरने गेला’ हे वाक्य बोलण्यातून कमी कमी होत गेले.

आता यकृताचे जे रुग्ण दवाखान्यात येतात ते बहुतेक प्रौढ, आणि त्यांत दारूचा वाटा मोठा. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. पितळ-तांबे मात्र पुन्हा घरात येऊ लागले आहे. तांबट आळीत घागरी आणि तांबे घ्यावयास शहरी गिऱ्हाईक येते. रात्री तांब्याच्या भांड्यात ठेविलेले पाणी सकाळी पिण्याची आवड वाढली आहे. मोठ्या माणसाने स्वच्छ भांड्यातले साधे पाणी प्यावे, त्याबद्दल आमचा वाद नाही. माळ्यावरून आजीचे पातेले उतरवून, त्याला हौसेने घासून, त्यात नातवासाठी दूध तापविणारी सून भेटली, तर मात्र तिला या मुलांची हकीकत सांगावी. तिच्या सासूला ती ठाऊक असेल. कदाचित तिच्याच एखाद्या दिराची असेल.