सांगितलेलं आयुष्य : मौखिक इतिहास आणि त्याचं प्रामाण्य

आजचा विषय तसा साधा वाटेल. ज्या माणसाच्या नावावर एक कागद नाही, त्याचं आयुष्य इतिहासात नोंदवायचं कसं? आणि त्याने तोंडी सांगितलं, तर त्यावर विश्वास किती ठेवायचा? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, इतिहासाच्या प्रांतात जरा आगंतुकच. पण हा दुसरा प्रश्न आमच्या घरचा आहे, म्हणून बोलायचं धाडस करतो.

सुरुवात राजवाड्यांपासून करू. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात पानिपतच्या काळातली पत्रं आहेत. पुढे या मालेचे २२ खंड झाले. गावोगाव हिंडून, लोकांच्या विनवण्या करून त्यांनी दप्तरं गोळा केली. अस्सल कागद दाखवा, मग बोला, ही शिस्त महाराष्ट्राला त्यांनी लावली. त्यांचे हे उपकार मोठेच आहेत. पण आता बघा, दप्तर कुणाच्या घरी सापडणार? ज्याला वाडा आहे, वतन आहे, पदरी कारकून आहे त्याच्या घरी. ज्याच्या झोपडीला माळाच नाही, त्याने रुमाल ठेवायचे कुठे? म्हणजे कागदाची शिस्त चोख असली, तरी कागद जपण्याची ऐपत सगळ्यांना सारखी नव्हती.

ही उणीव भरून काढणारं एक पुस्तक मराठीत १९८९ साली आलं. 'आम्हीही इतिहास घडवला'. लेखिका ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा हा इतिहास. १९२७ चा महाड सत्याग्रह, १९३० मध्ये सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १९४२ साली नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली महिला परिषद, या घटना आपल्याला माहीत असतात. पण तिथे ज्या बाया गेल्या, त्या कोण होत्या? घरचं कोण बघत होतं? दोघींनी जुनी नियतकालिकं, परिषदांचे वृत्तांत धुंडाळले आणि त्याच्या जोडीला हयात कार्यकर्त्या स्त्रियांना भेटून त्यांचं बोलणं टिपून घेतलं. कागद आणि मुलाखत दोन्ही हातात हात घालून चालतात, हे या पुस्तकात दिसतं. आणि शीर्षकातला तो 'ही' नीट ऐका. एका अक्षराची तक्रार आहे ती.

आता प्रामाण्याचा प्रश्न. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? तर ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायन पुढे असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू पडतं. मला हे फार मोलाचं वाटतं. साक्षीदाराची जात, विद्वत्ता, प्रतिष्ठा हा निकष नाही. जाणलंय का आणि खरं सांगायचंय का, एवढंच बघायचं.

पण इथेच एक अडचण आहे, ती मी लपवणार नाही. न्यायदर्शन स्मृतीला प्रमा मानत नाही. आणि ऐंशी वर्षांची बाई आज पन्नास वर्षांपूर्वीचं सांगते, ते स्मृतीतूनच ना? मग?

इटलीतल्या आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने याला चांगलं उत्तर दिलंय. तेर्नी या गावात १९४९ च्या मार्चमध्ये, इटलीने नाटोत जाऊ नये म्हणून निघालेल्या निदर्शनात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलाद कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. पण पुष्कळ कामगारांनी पोर्तेल्लींना सांगितलं, तो १९५३ साली मेला, कामगारकपातीविरुद्धच्या दंगलीत. तारीख चूक, कारण चूक. एखादा संशोधक म्हणाला असता, टाका ह्या मुलाखती. पोर्तेल्लींनी विचारलं, सगळ्यांची चूक एकाच दिशेने का होते? नोकऱ्या गेल्या तो घाव सगळ्यात मोठा होता. आपल्यातल्या पोराचं मरण त्या घावाशी जोडलं की त्याला अर्थ येत होता. म्हणजे घटना कधी घडली हे कागदाला विचारायचं. ती लोकांना काय वाटली, हे माणसाला विचारायचं. आणि दोन्ही उत्तरं जुळली नाहीत, तर ती न जुळणारी जागा पुसायची नाही. खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या एका बाईंची मुलाखत मी घेतली होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बाईंचे गडी हळूहळू गावाकडे परतले. जेवणाचे पैसे राहिले ते राहिलेच. त्या मला म्हणाल्या, "माझी वही अजून उघडीच हाय." मी घरी येऊन लिहिलं : संपकाळात खानावळ व्यवसायाचे मोठे आर्थिक नुकसान झाले. नंतर त्यांना वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, बरोबर हाय समदं. पण ह्ये मी न्हाई बोलले."

तेव्हा मला ते फारसं लागलं नाही. लेख छापून आला. त्या कॅसेटवर मी पुढे माझंच एक व्याख्यान टेप केलं. बाई गेल्या, आणि काही वर्षांनी त्यांची नात माझा पत्ता काढत घरी आली. आजीचा आवाज ऐकायला मिळेल का, एवढंच तिला हवं होतं. मी तिच्या हातात छापील लेख ठेवला. त्यात आजी नव्हती. माझं मराठी होतं.

'वही उघडी' म्हणजे नुसतं नुकसान नव्हे. देणेकरी परत येईल, हिशोब मिटेल, अशी वाट बघणं त्यात आहे. त्या गड्यांवरचा विश्वासही आहे. मी एका वाक्यात तो खोडून टाकला. आप्ताचा शब्द प्रमाण मानायचा, तर तो शब्द निदान आप्ताचा तरी राहिला पाहिजे.

म्हणून तुम्हाला विनंती. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, टेपरेकॉर्डर शोधायला नको. घरातल्या, शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाला बोलतं करा. आधी परवानगी घ्या, आणि काय बाहेर सांगायचं नाही हेही विचारा. साल विचारू नका, 'थोरल्याच्या वेळी पोटुशी होतीस तेव्हा का?' असं विचारा, साल मागाहून लावता येतं. मध्ये गप्प झाले तर गप्प राहू द्या. बोली सुधारू नका. आणि मूळ आवाज दोन ठिकाणी जपून ठेवा.

ती नात उंबऱ्यावर चपला घालताना मला "येते सर" म्हणाली, तेही आजीसारखंच हेल काढून. मला तो हेल आठवला, पण तिला ऐकवायला माझ्याकडे काही नव्हतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.